आरोग्यसेवेतील करिअरनिवड : प्राथमिक परिचय

आरोग्यसेवेतील करिअरची निवड साधारणतः दहावीच्या निकालाच्या संध्याकाळी होते. निवड समितीत वडील, मामा, शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक आणि क्लासचा समुपदेशक यांचा समावेश असतो. ज्याचे करिअर ठरत असते तो त्या वेळी पेढे वाटायला गेलेला असतो. त्याची गरज पुढे, अर्जावर सही लागते तेव्हा पडते.

दुसरा टप्पा लातूरला पार पडतो. ते न जमल्यास नांदेडला, आणि ऐपत असल्यास राजस्थानातील कोट्याला. विद्यार्थ्याचे नाव कनिष्ठ महाविद्यालयात असते आणि विद्यार्थी क्लासमध्ये. महाविद्यालयाशी संबंध प्रात्यक्षिकाच्या जर्नलवर सह्या घेण्यापुरता उरतो. भाड्याच्या खोलीत कॉट, मेसचा डबा, भिंतीवर आवर्तसारणी आणि तिच्याशेजारी स्केचपेनने लिहिलेला आकडा : ६५०. पहिल्या टेस्ट सिरीजनंतर तो ६०० होतो. दिवाळीनंतर त्यावर कॅलेंडर टांगले जाते.

नीट ही परीक्षा १८० प्रश्नांची, ७२० गुणांची व तीन तासांची असते. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ वजा. उद्या रुग्णाची नाडी कोणी पाहावी, हे उतरणीवरून घसरणाऱ्या ठोकळ्याच्या त्वरणावरून ठरते. केंद्रात अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात चप्पल व हातात पारदर्शक बाटली अशा वेषात प्रवेश मिळतो. कानातले डूल बाहेर आईच्या मुठीत राहतात. २०२४ साली सुमारे २३ लाख मुलांनी ही परीक्षा दिली. एमबीबीएसच्या जागा लाखाहून थोड्या अधिक होत्या. त्या वर्षी प्रथम ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण पडले. अंतिम निकालात १७ उरले. बाकीच्यांचे ज्ञान दरम्यानच्या काळात कमी झाले असावे.

निकालानंतर आवडीनिवडी स्पष्ट होतात. मुलाला लहानपणापासून आयुर्वेदाची ओढ होती, हे घराला सहसा कॅपच्या दुसऱ्या फेरीत कळते. होमिओपॅथीवरील श्रद्धा तिसऱ्या फेरीत जागृत होते. दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी या शाखांत शास्त्रीय भेद पुष्कळ आहेत, पण पाटीवर नावाआधी एक अक्षर आणि एक टिंब येते की नाही, एवढाच निकष घरी लावला जातो. खासगी महाविद्यालयाच्या संस्थात्मक कोट्यात गुणांची उणीव शेतजमिनीने भरून काढता येते. जमीन रस्त्यालगतची असल्यास अधिक बरे. यांपैकी काहीही न जमल्यास ‘ड्रॉप’ घेतात, म्हणजे वरील सर्व पुन्हा करतात.

एमबीबीएसला साडेचार वर्षे व एक वर्ष इंटर्नशिप लागते. शासकीय महाविद्यालयातून शिकलेल्याने त्यानंतर वर्षभर शासकीय सेवा करावी किंवा १० लाख रुपये भरावेत, असा बॉण्ड असतो. एवढे झाल्यावर नातेवाईक त्याला ‘नुसता एमबीबीएस’ म्हणू लागतात आणि पदव्युत्तर प्रवेशाची तयारी सुरू होते. २०२३ साली या प्रवेशासाठीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. बारावीनंतर एका गुणाने हुकलेल्यांनी ही बातमी बारकाईने वाचली.

परिचारिका, प्रयोगशाळा व क्ष-किरण तंत्रज्ञ, ऑपरेशन थिएटरमधील सहायक, औषधनिर्माता : यांच्याविना रुग्णालय तासभरही चालत नाही, म्हणून त्यांचा विचार शेवटी केला जातो. तंत्रज्ञ व तत्सम व्यवसायांसाठी केंद्रीय कायदा २०२१ साली झाला. तोवर त्यांचे काम कायद्याविनाच नीट चालले होते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे. रात्री तीन वाजता वॉर्डात म्हातारीच्या हाताची शीर सापडेना, की नवा इंटर्न दोनदा टोचून पाहतो आणि मग हळूच ‘सिस्टर, जरा बघता का?’ म्हणतो. सिस्टर हातावर दोन टिचक्या मारते, सुई घालते, सलाइनचे थेंब मोजते आणि पुढच्या कॉटकडे जाते. तिच्या घरी मात्र धाकट्या भावासाठी लातूरची चौकशी चालू असते.

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला आणि त्यात परिचारिकाही आल्या. तेव्हापासून स्थळाच्या बायोडेटात ‘नर्स’ लिहायला कचरणारी घरे ‘जर्मन चालू आहे’ असे ठळक अक्षरांत लिहितात, आणि मामा फीची चौकशी करतात.