कंसातले लेखकभाऊ

सरकारी कागदात आमच्या गावाचं नाव ‘आंजी (मोठी)’ असं लिहितात, कंसासकट. बोलताना तो कंस कुणी उच्चारत नाही. वर्ध्याहून आर्वीच्या गाडीत बसलेला माणूस कंडक्टरला नुसतं ‘आंजी’ म्हणतो आणि कंडक्टर मुकाट्यानं तिकीट फाडतो. न सांगता कळणाऱ्या गोष्टी जगात पुष्कळ असतात, यावर आमच्या लेखकभाऊंचा मात्र काडीचा विश्वास नाही. त्यांच्या कथेत नायिका ढसाढसा रडली की लगेच कंस उघडतो: (तिला अतिशय दुःख झाले होते). नायकानं दार आपटलं की (तो रागावला होता). एकदा तर नायक मेला आणि पुढे कंसात ‘तो आता या जगात नव्हता’ असं आलं.

गावोगाव जसा एक सर्पमित्र असतो, एक कोर्टकज्ज्यातला जाणकार असतो, लग्नात बुंदीची कढई सांभाळणारा एक असतो, तसा एक लेखकभाऊ असतोच. आमचे भाऊ दिवसा बी-बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितात आणि रात्री कथा. पन्नाशी उलटली आहे. खिशाला दोन पेनं असतात. निळं दुकानाचं, हिरवं साहित्याचं. हिरव्याला दुसरं कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही, अगदी पोस्टात फॉर्म भरायलासुद्धा.

दुकानाचं शटर पडलं की भाऊ कापडी पिशवी घेऊन बसथांब्याजवळच्या पानठेल्यावर येतात. श्रोते ठरलेले: पानठेलेवाला, गाडीची वाट पाहणारे दोन-चार जीव, आणि मी. निवृत्त झालेला मराठीचा मास्तर म्हणजे गावातली सार्वजनिक विहीर; कुणीही यावं आणि बादली सोडावी. बाकीच्यांना निदान गाडी आल्यावर सुटका असते. एसटीच्या उशिरा येण्याचा मराठी कथेला एवढा फायदा झालेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

खरा समीक्षक पानठेलेवाला. तो बोलतो कमी, खर्रा घोटतो जास्त. (खर्ऱ्याला बंदी आहे म्हणतात. बघा, भाऊंच्या संगतीनं मलाही कंसाची सवय लागली.) पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घालून तो ते पाटीवर असा काही रगडतो की ‘घर्रर घर्रर’ आवाज रस्त्यापलीकडे जातो. भाऊ वाचत असतात आणि घर्रर चालू असतं. कथा कंटाळवाणी झाली की आवाज वाढतो. माझ्या अंदाजानं गेल्या दहा वर्षांत तो कमी म्हणून झालेलाच नाही.

भाऊंची प्रत्येक कथा पावसानं सुरू होते. ‘बाहेर पाऊस कोसळत होता आणि तिच्या मनातही.’ दोन पानं पाऊस पडतो. तिसऱ्या पानावर नायिका अंगणात वाळवण घालते.

“भाऊ,” एकदा पानठेलेवाल्यानं विचारलं, “थो पाऊस थांबला कई?”

“कोणता पाऊस?”

“जो पडून रायला होता थो. पापड घालून रायली ना थे बाई.”

“अरे, तो वातावरणनिर्मितीचा पाऊस होता!” भाऊ म्हणाले.

“वल्ला होता का कोरडा?”

कथालेखनाच्या शिबिरात दोन दिवस बसून जे कळत नाही, ते या दोन प्रश्नांत आलं होतं. कथेत पाऊस पाडला तर कुणीतरी भिजलं पाहिजे, नाहीतर तो पाडू नये. भाऊंनी उपाय केला तो असा: पुढच्या कथेत पाऊस शेवटच्या पानापर्यंत पडला. दरम्यान जून महिन्यात कापसाची वेचणी झाली. ज्या गावात जूनमध्ये कापूस पेरतात त्या गावात बसून, बियाण्याच्या दुकानात नोकरी करून हे लिहायला एक वेगळीच प्रतिभा लागते. मी तसं म्हटलं तर म्हणाले, “सर, कल्पनेले पंचांग नसते.”

नायिकेचं नाव पहिल्या पानावर सुलभा, पाचव्यावर सुनंदा. नवव्या पानावर वारलेले सासरे बाराव्या पानावर चहा मागतात. बरं, दुसरा खर्डा म्हणजे काय, याची भाऊंची व्याख्याही त्यांची स्वतःची. पहिल्या खर्ड्यात खाडाखोड असते. दुसरा खर्डा म्हणजे तीच कथा रेघांच्या कागदावर, समास सोडून, सुवाच्य अक्षरात उतरवायची. सुलभाची सुनंदा होते तीही सुवाच्य अक्षरात. एक शब्द बदला म्हटलं तर कानाला हात लावतात. आलं ते सरस्वतीकडून आलं, त्यात आपण कोण ढवळाढवळ करणार? सरस्वतीला सासऱ्यांचा मृत्यू लक्षात राहत नाही, हे मला पटत नाही. पण बोललो नाही.

2023 च्या फेब्रुवारीत 3 ते 5 तारखेला वर्ध्यात 96 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. त्याआधी वर्ध्यात संमेलन झालं होतं 1969 साली, पु. शि. रेगे अध्यक्ष असताना. तेव्हा भाऊंचा जन्म व्हायचा होता, आणि ती संधी हुकल्याबद्दल ते अजून आईवडिलांना मनोमन दोष देतात. या वेळी तिन्ही दिवस दुकानातून रजा. अध्यक्ष नरेंद्र चपळगावकर हे निवृत्त न्यायमूर्ती आहेत असं कळल्यावर भाऊंना हुरूप आला. आता तरी आपल्या कथेला न्याय मिळेल. न्यायमूर्तींपर्यंत काही पोचता आलं नाही. एका नामवंत लेखकाला मात्र त्यांनी मांडवाच्या दाराशी गाठलं आणि हस्तलिखित पुढे केलं. लेखक घाईत होते. त्यांना वाटलं, स्वाक्षरीची वही आहे. पहिल्याच पानावर, ‘बाहेर पाऊस कोसळत होता’ या ओळीवर, त्यांनी झोकात सही ठोकली. तेव्हापासून ती कथा ‘मान्यताप्राप्त’ आहे.

ग्रंथप्रदर्शनातून मात्र त्यांनी एक चांगली वस्तू आणली: उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी. मीच सुचवली होती. रात्रीतून वाचून काढली आणि सकाळी सात वाजता माझ्या दारात उभे. डोळे लाल. “सर, असं लिहिता येते? आपल्या बोलीत?” मला वाटलं, झालं, माणूस मार्गाला लागला. आठ दिवसांनी नवीन कथा आली. तिच्यात शेतकरी वऱ्हाडी बोलत होता, तलाठी वऱ्हाडी बोलत होता, आणि मरीन ड्राइव्हवर राहणारी, वडील जहाजावर कप्तान असलेली नायिका समुद्राकडे पाहून म्हणत होती, “काय बाप्पा या लाटा!” ‘धग’ची नायिका कौतिक 1960 पासून वऱ्हाडी बोलते आहे आणि कुठे खटकत नाही, कारण ती भाषा दाखवायला बोलत नाही. तिला लेकरं जगवायची असतात, नवऱ्याशी झगडायचं असतं, त्या ओघात ती बोलते. हे मी सांगत होतो आणि भाऊ मान डोलवत वहीत टिपत होते. नंतर पाहिलं, तर लिहिलं होतं: ‘बोलीभाषा – लेकरं आवश्यक.’

दिवाळी अंकांचं प्रकरण वेगळंच. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि ही प्रथा मराठीत रुजवली, तेव्हा त्यांना कल्पना नसेल की त्यापायी आंजीत ऐन डवरणीच्या दिवसांत एक माणूस दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून पाकिटांना डिंक लावत बसेल. पूर्वी कथा ‘साभार परत’ यायची, निदान साभार तरी असायचं. आता उत्तरच येत नाही. भाऊंच्या लेखी ती कथा ‘विचाराधीन’. एकोणतीस कथा विचाराधीन आहेत. काही संपादक त्या विचारातच निवर्तले.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला फार उशिरा कळली. मागल्या पावसाळ्यात तुरीचं बी घ्यायला त्यांच्या दुकानात गेलो. भाऊ आत पोती मोजत होते. गल्ल्याजवळ उधारीची वही उघडी पडली होती. रकाने होते: तारीख, माल, रक्कम. शेवटचा रकाना शेऱ्याचा. निळ्या पेनानं, बारीक अक्षरात. मी चाळायला नको होतं, पण मास्तर माणूस. लिहिलेलं दिसलं की वाचतोच.

‘सोयाबीन 2 बॅग. दिवाळीले देतो म्हणाला. कोणत्या, ते सांगितलं नाही.’

‘खत 1 पोतं. नगदी दिले. पहिल्यांदाच. काही विचारलं नाही.’

आणि खाली:

‘औषध मागितलं. कोणत्या पिकाले ते सांगता आलं नाही. दिलं नाही. भावाले बोलावून घेतलं.’

त्या नोंदीपुढे रकमेच्या रकान्यात आडवी रेघ होती. मी बराच वेळ त्या रेघेकडे पाहत उभा राहिलो. पाऊस नव्हता, कातरवेळ नव्हती, कुणाच्या काळजात कालवाकालव झाली होती की नव्हती ते कंसात दिलं नव्हतं.

“भाऊ,” ते बाहेर आल्यावर मी म्हटलं, “हे कुणी लिहिलं?”

“मीच. कायले? हिशेब चुकला का?”

“ही कथा आहे.”

भाऊ हसले. “सर, हा तं शेरा आहे. मालकाले कळलं पाह्यजे ना, म्हणून लिहितो.” आणि त्यांनी वही मिटून गल्ल्यात टाकली. मी पुष्कळ सांगितलं की हिरवं पेन घरी ठेवा आणि निळ्यानं लिहा. त्यांना वाटलं, शाईबद्दल बोलतो आहे. संपादकांना हिरवी शाई चालत नसेल.

मग मी चेखवला मध्ये घातलं. गावातल्या मास्तरचं कुणी ऐकत नाही, रशियातल्या डॉक्टरचं ऐकतात. म्हटलं, हा मोठा कथाकार सांगायचा की कथा लिहून झाली की तिची सुरुवात आणि शेवट खोडून टाकावा. लेखक सगळ्यात जास्त खोटं तिथेच बोलतो. भाऊ आज्ञाधारक. त्यांनी सरस्वतीची क्षमा मागितली आणि बावीस पानांच्या ‘वात्सल्यवेदना’ची पहिली नऊ पानं (पाऊस) आणि शेवटची नऊ पानं (मृत्यू, पश्चात्ताप, पुन्हा पाऊस) खरोखरच खोडली. उरली चार पानं. ती लिहिताना भाऊंनी विशेष कष्ट घेतलेच नव्हते. नायिकेला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचं होतं म्हणून नुसता एसटीचा प्रवास लिहिला होता.

परवा संध्याकाळी ते पडल्या चेहऱ्यानं पानठेल्यावर आले. “यात काहीच होत नाही, सर,” म्हणाले आणि वाचायला लागले. एक बाई आंजीला गाडीत चढते. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला डबा. कंडक्टरला सेवाग्राम म्हणते, तो म्हणतो ही गाडी वर्ध्यापर्यंतच, दवाखान्यासाठी तिथून दुसरी. ती पैसे दोनदा मोजते. वर्धा जवळ आल्यावर डबा उघडते, दोन पोळ्यांतली एक काढून पदरात घेते, बाहेर पाहत बसते, आणि मग ती पोळी परत डब्यात ठेवते. गाडी थांबते.

भाऊ थांबले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि काय ते मला कळायला जरा वेळ लागला. घर्रर बंद होतं.

पानठेलेवाल्याचे हात पाटीवर तसेच होते. “मंग?” तो म्हणाला. “कोण भरती हाये?”

“थे पान खोडलं,” भाऊ ओशाळून म्हणाले.

“काहून?”

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी आर्वीच्या रस्त्याकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातल्या हिरव्या पेनाकडे जातो न जातो तोच गाडीचे दिवे दिसले आणि बाकड्यावरचा पोट्टा उठून ओरडला, “गाडी आली ना बे! माहा खर्रा दे लवकर!”

“थांब जरा,” पानठेलेवाला त्याच्याकडे न बघता म्हणाला. “थ्या बाईनं पोळी वापस काहून ठेवली, थे पाहू दे.”