पगारवाढ प्रकृतीस अपायकारक

भोईवाड्यात सध्या तेजीत असलेला धंदा औषधांचा नाही, झेरॉक्सचा आहे. इकडे टाटा, तिकडे केईएम, जवळच वाडिया. एवढ्या दवाखान्यांच्या शेजारात माणूस आजाराला भीत नाही. रेशनकार्ड घरी राहिलं की मात्र त्याच्या छातीत धस्स होतं. पूर्वी इथले भोई पालख्या वाहत. आता नातेवाईक फाइल वाहतात. फाइल पुढे, पेशंट मागे.

आमच्या चाळीतल्या अण्णांच्या घरी परवा अशुभ घडलं. मुलाला पगारवाढ मिळाली. अण्णा गिरणीत होते तेव्हा खिशात ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असे. गिरणीच्या जागी मॉल आला, त्यात मुलगा लागला, त्यालाही कार्ड मिळालं. आता पगार साडेएकवीस हजार झाला. ईएसआयची मर्यादा २१ हजार. सहामाहीचा हिशेब सरला, की मुलगा श्रीमंतांत जमा.

"धर्मादाय रुग्णालयं आहेत की!" मी धीर दिला. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यातलं कलम ४१ एए त्यांना वाचून दाखवलं. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. निर्धन म्हणजे घराचं उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. अण्णांनी कॅलेंडरच्या मागे आकडेमोड केली. मुलाचे साडेएकवीस, सुनेचे नऊ, वर्षाचे ३ लाख ६६ हजार. सहा हजारांनी घर बुडालं.

"सूनबाई," अण्णा आत बघून म्हणाले, "साहेबांना सांग, महिन्याला पाचशे कमी द्या."

खाट मोकळी असते का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. जाणता माणूस आहे.

महात्मा फुले योजना राहिली. २०२४पासून तिच्यात रेशनकार्डाचा रंगभेद मिटला, पांढरं कार्डही चालतं, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं कवच. काउंटरवर आरोग्यमित्रही बसतो. मात्र आधी दवाखाना यादीत बसायला हवा, मग रोग यादीत बसायला हवा. एवढं जमलं की पेशंटने खाटेवर बसावं.

आणि देखरेख? ती तर भिंतीवरच टांगलेली असते. २०२१च्या नियमांनी खासगी रुग्णालयांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली. मी पाहिलेल्या एका दवाखान्यात दर्शनी भागात गणपती होता, सनद त्याच्या मागे. रचना चुकीची म्हणवत नाही. दर वाचल्यावर माणूस आपोआप हात जोडतो, तेव्हा समोर कुणीतरी हवंच.

मुलाने काल ऑफिसात अर्ज दिला: कृपया पगारवाढ परत घ्यावी. एचआरच्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि आधी डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायला सांगितलं.

म्हणून बाप-लेक आज पहाटेच केईएमच्या रांगेत उभे आहेत. अण्णांनी सवयीने फाइल काखेत धरली होती. खिडकीतल्या बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं आणि केसपेपर हातात दिला. अण्णा अजून खिडकीशीच थांबले आहेत, पगार कधी विचारतात याची वाट बघत.