टॅपेट अण्णा

भवानी पेठेत सकाळी दहानंतर कुठल्याही पिकअपचं बोनेट उघडलं, की तिथे एक अण्णा उगवतात. बोलावणं लागत नाही. हातात भाजीची पिशवी, अंगात बाह्यांची बनियन, एक तळवा मडगार्डवर. डोळे मिटून, मान तिरकी करून ते असे उभे राहतात, की नाडी बघणाऱ्या वैद्यासमोर बसल्यासारखे सगळे गप्प होतात. मग डोळे उघडून निकाल येतो : "टॅपेट."

दुसरा निकाल त्यांनी पहिल्या फटक्यात दिल्याचं पेठेत कुणाला आठवत नाही.

अण्णांचं आयुष्य यंत्रमागावर गेलं. "अख्ख्या शेडमधी कुठला धोटा ढिला, ते मी चहा पिता पिता सांगायचो बे," हे त्यांचं प्रमाणपत्र. आता यंत्रमागाचा खडखडाट 100 डेसिबलच्या आसपास असतो आणि अशा गोंगाटात वर्षानुवर्षं राबलेल्या कानांतून सगळ्यांत आधी बारीक, उंच पट्टीचेच आवाज निघून जातात. पण हे अण्णांना सांगणार कोण? काकूंनी शेजारच्या खोलीतून मारलेली हाक ऐकू येत नाही, रस्त्यापलीकडचं टॅपेट मात्र बरोबर येतं.

अण्णांच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. इंजिनाचा हा टिकटिक आवाज फसवाच असतो. इंजिनाला चिकटून एक बिडाचा मॅनिफोल्ड असतो. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून तो सायलेन्सरच्या वाटेला लावतो. भरल्या गाडीत तो कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. ज्या हेडला तो बसवलेला असतो, त्याच्या पोटात मात्र पाणी खेळत असतं. एक फुगतो, दुसरा तेवढा फुगत नाही. या रोजच्या ओढाताणीत टोकाचे स्टड बिचारे एक दिवस तुटतात, गॅसकेट जळतं आणि फटीतून धूर टक् टक् करत सुटतो. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच धूर सोडतो. आयडलिंगला 800 फेरे धरले, तर मिनिटाला 400 टक्. टॅपेट ज्याला ढकलतं, तो व्हॉल्व्हही दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणजे टॅपेटचेही टक् तेवढेच. ताल एकच, कलाकार दोन! अमेरिकेतल्या पिकअपवाल्यांचंही हेच रडगाणं आहे. तिकडे एका प्रसिद्ध इंजिनाच्या आवाजाला 'हेमी टिक' असं नावच पडलं आहे आणि मॅनिफोल्डचा बोल्ट तुटला की आतला लिफ्टर वाजतोय, यावर तिथले अण्णा अजून भांडतात.

आमच्या गल्लीतला एक पोरगा टॉवेलच्या गाठी ट्रान्सपोर्टला पोचवतो. त्याची गाडी टिकटिकू लागली. अण्णांनी टॅपेट सांगितलं, त्याने सेटिंग करून घेतलं, आवाज तसाच. "मग इंजेक्टर असणार." इंजेक्टर तपासून झाले. "मग पिस्टन गेला की बे!" अण्णांचं निदान नापास होत नाही, वरच्या इयत्तेत जातं. फी अर्थातच पोरगा भरतो. तोवर पिकअपलाच पिकअप उरला नव्हता, कारण टर्बोला पोचायच्या आधीच धुराचा जोर फटीतून निघून जात होता.

शेवटी एका तरुण मिस्त्रीने गाडी रात्रभर ठेवून घेतली. "सकाळी मी आल्याबिगर स्टार्टर मारायचा नाही," एवढंच बोलला. सकाळी थंड इंजिनावर टिकटिक ठणठणीत! त्याने रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवत नेलं. अगदी मागच्या सिलिंडरपाशी सांध्यावर काजळीचा काळा पट्टा, आणि स्टडचं डोकं गायब. थोड्या वेळाने इंजिन तापलं, बीड फुगून फट मिटली आणि आवाज बंद. अण्णा नेमके रोज या वेळेनंतर यायचे.

त्या दिवशीही आले. मान तिरकी केली. शांतता. "बघ, मी म्हटलं नव्हतं? टॅपेट सेट केल्यावर आवाज आपोआप बसतोय."

मिस्त्री काहीच बोलला नाही. तुटक्या स्टडवर नट वेल्ड करून तो काढायचा होता, मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे फेसिंगला न्यायचा होता. असल्या माणसाला वाद घालायला वेळ कुठून असणार?

तेव्हा तुमची गाडी सकाळी टिकटिकत असेल आणि तापल्यावर गप्प होत असेल, तर ती थंड असतानाच मिस्त्रीला ऐकवा. गळका धूर केबिनमध्येही शिरू शकतो, दिवस ढकलू नका. अण्णांना मात्र चहा जरूर पाजा. त्यांच्या सल्ल्यापेक्षा तो स्वस्त पडतो.