दोन मार्कांचा लॉर्ड

हिंगोली जिल्ह्यात सध्या सर्वांत लोकप्रिय इंग्रज कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून लॉर्ड रिपनचं नाव घेईन. शेक्सपियरचं आमच्याकडे फारसं कुणाला घेणंदेणं नाही आणि चर्चिलला शिव्या घालायलाही हल्ली कुणाला सवड नसते. रिपन मात्र कळमनुरीच्या अभ्यासिकेत आहे, सेनगावच्या एसटीत आहे. वसमतला हळदीच्या ट्रॅक्टरवर बसून लिलावाची वाट बघणाऱ्या पोराच्या मांडीवरच्या प्रश्नसंचातही तोच आहे. तलाठी असो, ग्रामसेवक असो की पोलीस भरती, ‘भारतातील स्थानिक स्वराज्याचा जनक कोण?’ हा प्रश्न घरचा. तो दिसला की पोरं विचार करत नाहीत, थेट पर्यायावर टिचकी मारतात. इतकं बिनशर्त प्रेम आमच्या आमदारांच्याही वाट्याला येत नाही.

गंमत अशी की या माणसाचा आमच्या मुलखाशी ना सासरचा संबंध, ना माहेरचा. त्याने 18 मे 1882 रोजी स्थानिक स्वराज्याचा तो प्रसिद्ध ठराव काढला तेव्हा आम्ही निजामाची रयत होतो. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, त्यामुळे गोरा साहेब गावाला दिसत असे, पण हुकूम चाले तो हैदराबादचा. रिपनचा ठराव ब्रिटिश मुलखापुरता. तो आमच्या शिवेवरूनच परत फिरला. त्याचा आमच्याशी आला तो संबंध एवढाच, की 5 फेब्रुवारी 1884 रोजी तो स्वतः हैदराबादला आला आणि सतरा वर्षांच्या निजाम महबूब अली खानाच्या हाती राज्याचे पूर्ण अधिकार देऊन गेला. बाकी हिंदुस्थानात हा लोकांच्या राज्याचा जनक. आमच्या दारात आला तो राजाला गादी बहाल करायला. तरी आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. दोन मार्कांचा प्रश्न आहे.

गाइडमध्ये रिपनचा संसार अर्ध्या पानात आटोपतो. 1881 चा पहिला कारखाना कायदा, त्याच वर्षीची जनगणना, 1882 चा हंटर आयोग, इल्बर्ट विधेयक. मधे एक खड्डा आहे, त्यात दरवर्षी काही पोरं पडतात. 1870 चं आर्थिक विकेंद्रीकरण आधीच्या एका व्हाइसरॉयचं, मेयोचं आणि 1882 चं स्थानिक स्वराज्य रिपनचं. 1872 ची शिरगणती मेयोच्या काळातली आणि 1881 ची, सगळीकडे एकाच वेळी झालेली, रिपनच्या काळातली. पर्याय काढणारा या दोघांना शेजारी शेजारी बसवतो आणि गालातल्या गालात हसतो.

गाइडात नसलेला रिपन मला जास्त आवडतो. तो 1827 साली जन्मला तो लंडनच्या 10, डाउनिंग स्ट्रीटमध्ये, कारण वडील तेव्हा पंतप्रधान होते. वडिलांचं मंत्रिमंडळ काही महिन्यांतच गडगडलं. मुलगा 1874 मध्ये कॅथलिक झाला आणि त्यापायी इंग्लंडच्या फ्रीमेसन मंडळींचं सर्वोच्च पद सोडून मोकळा झाला. असा माणूस 1880 मध्ये व्हाइसरॉय होऊन आला, तोही लिटनच्या पाठोपाठ. देशात दुष्काळ असताना दिल्लीत दरबार भरवणारा आणि देशी वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा तो लिटन. त्याच्या पुण्यातल्या स्वागतावर पैसे उधळायला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. अशा गृहस्थानंतर कुणी नुसता गप्प बसला असता तरी लोकांना तो देव वाटला असता. रिपनने तर लिटनचा वृत्तपत्र कायदाच 1882 मध्ये रद्द केला. हिंदी न्यायाधीशाने गोऱ्याचा खटला चालवावा, असं म्हणणाऱ्या इल्बर्ट विधेयकाने कलकत्त्याचे गोरे मात्र असे पिसाळले की शेवटी त्याला माघार घ्यावी लागली. पण 1884 च्या डिसेंबरात तो निघाला तेव्हा मुंबईपर्यंत निरोपाला माणसांचा पूर लोटला होता. विधेयक पांगळं झालं आणि माणूस मोठा झाला, असा हा हिशेब.

खरी मौज त्या ठरावातच आहे. रिपनचं म्हणणं असं की, लोकांच्या हाती कारभार द्यायचा तो काम चोख होईल म्हणून नव्हे. सुरुवातीला ते साहेबापेक्षा वाईटच होईल, पण चुकतमाकत लोक शिकतील. म्हणून सरकारी सभासद एक तृतीयांशाहून जास्त नसावेत, अध्यक्षही शक्यतो बिनसरकारी असावा आणि अधिकाऱ्याने बाहेरून लक्ष ठेवावं, आत बसून हाकू नये.

आता आमच्याकडचं बघा. 1 मे 1999 ला परभणीतून फुटून आमचा जिल्हा झाला, त्याला स्वतःची जिल्हा परिषद मिळाली. मार्च 2022 मध्ये तिची मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि पुढची तीन वर्षं तरी निवडणुकीचा पत्ता नव्हता. राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची गत हीच. या काळात एकेका घरात असं चित्र होतं की, बाप सर्कलमधून उभं राहायचं म्हणून गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला आणि आतल्या खोलीत लेकरू स्थानिक स्वराज्याचा जनक घोकतंय. जनकाचं नाव तोंडपाठ, अपत्य मात्र प्रशासकाच्या मांडीवर.

यात पोरांचा काही दोष नाही. त्यांना जेवढं विचारलं जातं तेवढं ती चोख सांगतात. विनंती आहे ती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना. जनक कोण, हे आता हिंगोलीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पुढच्या भरतीत एवढंच विचारा: 1882 च्या ठरावाप्रमाणे मंडळात सरकारी सभासद जास्तीत जास्त किती असावेत? उत्तर, एक तृतीयांश. दोन मार्क.