पाहुण्याला धूर चालत नाही

डोंबिवलीतल्या मध्यमवर्गीय घरात किडे मारायची किती साधनं असतात, याची मोजदाद त्या घरात एखादा किडा पाळल्याशिवाय होत नाही. सॉकेटमध्ये डासांची लिक्विड मशीन, ओट्याखाली झुरळांचं जेल, उंबऱ्याशी मुंग्यांसाठी ओढलेली विषारी खडूची रेघ, कपाटात डांबराच्या गोळ्या, बेसिनच्या जाळीवर आणखी दोन, सिंकखाली स्प्रेचा डबा आणि दाराच्या खुंटीला चार्ज करून लटकवलेली रॅकेट. अशा शस्त्रागारात कॉलेजात जाणारा चिरंजीव बरणीतून प्रार्थना कीटक, म्हणजे मँटिस, घेऊन येतो आणि जाहीर करतो, की हा आता आपल्याकडेच राहणार.

आईचा पहिला प्रश्न, ‘चावतो का?’ दुसरा, ‘खातो काय?’ दुसऱ्याचं उत्तर ऐकलं की पहिला बरा वाटतो. हा प्राणी नाव प्रार्थनेचं लावतो, हातही जोडलेले ठेवतो. पण त्याला खायला फक्त जिवंत आणि हलणारं लागतं. मेलेल्या माशीकडे तो ढुंकूनही बघत नाही. पिल्लू असेल तर चिलटं हवीत, म्हणजे वाटीत केळ्याची सालं मुद्दाम नासवत ठेवायची. दिवसातून चार वेळा ओटा पुसून ज्या बाईनं चिलटं हाकलली, तिच्याच स्वयंपाकघरात आता त्यांचा गृहउद्योग सुरू होतो.

बरं, हा पाहुणा आणायला फार लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात कल्याण-डोंबिवलीच्या कुठल्याही झुडपात, गॅलरीतल्या जास्वंदीवर तो सापडतो. ठाणेकरांनी मात्र येऊरवरून उचलून आणण्याचा मोह टाळावा. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथून किडासुद्धा घरी आणणं कायद्यात बसत नाही. आपल्याकडे फुकट दिसणारी हायरोड्युला ही हिरवी, बोटभर लांबीची जात इंग्लंड-जर्मनीतले हौशी लोक पैसे मोजून विकत घेतात आणि तिच्यासाठी हिवाळाभर बरणीजवळ उष्णतेचा दिवा लावून ठेवतात. डोंबिवलीत तो खर्च नाही. इथे उष्णता महापालिकेच्या पाण्यापेक्षा नियमित येते.

धोका असतो तो धुराचा आणि वासाचा. लिक्विड मशीन, कॉइल, स्प्रे, मुंग्यांचा खडू या सगळ्यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं एखादं रसायन असतं. मूळ विष शेवंतीच्या कुळातल्या एका फुलातून आलेलं. पुढे कारखान्यांनी त्याच्या नकला केल्या. ते किड्याच्या मज्जातंतूंमधली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे तंतू संदेश पाठवायचा थांबत नाही आणि किडा थरथरत, पाय झाडत मरतो. माणसाचं शरीर हे रसायन भराभर मोडून टाकतं, म्हणून आपण मशीनखाली घोरत पडू शकतो. डास आणि मँटिस यांच्यात ते भेदभाव करत नाही. म्हणजे ज्या खोलीत बरणी, त्या खोलीत मशीन नाही. मग बरणी ठेवायची कुठे? वन बीएचकेत खोल्या दोनच. एकीत डास माणसाला खाणार, दुसरीत माणूस डासांना मारणार. शेवटी डासांची जाळी निघते, आणि मच्छरदाणीत बाबा व बाहेर किडा, अशी वाटणी होते.

त्याहून छुपा धोका जेलचा. महिन्याचं पेस्ट कंट्रोल झालेल्या घरात मोरीपाशी एखादं झुरळ डुलत डुलत चाललेलं दिसतं. चिरंजीवांना वाटतं, आयतं जेवण. पण जे झुरळ पकडायला इतकं सोपं जातंय, ते आधीच विष खाऊन आलेलं असतं आणि ते खाणाराही त्याच वाटेनं जातो. बाजारातल्या फुलांचंही तसंच. कल्याणच्या बाजार समितीतल्या फूलबाजारातून आणलेला गुलाब बरणीत शोभेला खोचला, तर त्याच्या पानांवरची फवारणीही बरणीत येते. त्यापेक्षा गॅलरीतल्या कुंडीतली कढीपत्त्याची फांदी बरी, अर्थात घरच्यांनी त्या कुंडीवर काही मारलं नसेल तर. पाण्याची वाटीही नको, पिल्लं बुडतात. बरणीच्या तोंडावरच्या जाळीवर पाणी शिंपडलं की हा थेंब थेंब पिऊन घेतो आणि मग पुढचा पाय तोंडाशी नेऊन सावकाश साफ करत बसतो. पायावरचे काटे एकेक करून चाटतो, डोळा पुसतो, मान वळवून खांद्यामागे बघतो. हे बघत घरातले सगळे स्वयंपाक विसरतात, तोवर फोडणी जळते आणि मिरचीचा खकाणा थेट बरणीकडे निघतो.

सगळ्यात नाजूक वेळ कात टाकण्याची. आयुष्यात सात-आठदा हे घडतं. आधीचे एक-दोन दिवस तो खात नाही, जाळीला उलटा लटकून राहतो. ‘आजारी पडला’ म्हणून कामाला येणाऱ्या मावशी बरणी हलवून बघतात, नेमकं तेच करायचं नसतं. पाठीवरची कात फाटते, आतून फिकट, ओला, पिठाच्या शेवईइतका मऊ पाय एकेक करून सुटत जातो. अर्धा तास तो स्वतःच्याच जुन्या कातड्याला लोंबकळत असतो. या अवस्थेत खाली पडला तर पाय वाकडे ते वाकडेच वाळतात, आणि बरेचदा तेवढ्यावर भागत नाही. म्हणून बरणीची उंची त्याच्या लांबीच्या तिप्पट हवी आणि वर धरायला जाळी किंवा मलमल. गुळगुळीत प्लॅस्टिकच्या झाकणाला खिळ्यानं भोकं पाडून काम होत नाही. बरणीत उरलेलं झुरळ तर आधीच काढलेलं बरं. मऊ पडलेल्या शिकाऱ्याचा पाय कुरतडायला शिकार मागेपुढे बघत नाही.

टीव्हीवरच्या मालिकांचा त्याला त्रास होत नाही, ही सासूबाईंसाठी दिलासा देणारी माहिती. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ साली दाखवून दिलं, की मँटिसला एकच कान असतो, तोही छातीखाली, मागच्या पायांच्या मधोमध. त्याला ऐकू येतं ते वटवाघळाच्या पट्टीतलं, माणसाच्या कानाला न लागणारं. सुनेचे टोमणे त्या पट्टीत येत नाहीत.

धोका एकतर्फी आहे, असंही नाही. पालीला छोटा मँटिस हा घास, तर मोठ्या मादीला छोटी पाल हा घास. फिश टँकजवळ बरणी ठेवणाऱ्यांनी कर्नाटकातली नोंद लक्षात ठेवावी. तिथे घराच्या गच्चीवरच्या बागेत एका हायरोड्युला नरानं पाच दिवसांत हौदातले नऊ गप्पी मासे पाण्यावरच्या पानांवर बसून टिपले. हे २०१८ साली शोधनिबंधात छापून आलं. त्याच्या आदल्या वर्षी जगभरातल्या नोंदी एकत्र केल्या गेल्या, तेव्हा मँटिसनं पक्षी पकडल्याच्या १४७ घटना निघाल्या. लव्हबर्डवाल्या शेजाऱ्यांना हा आकडा सांगू नये.

खरी पंचाईत पंचांगाची आहे. मँटिसला पंख फुटून तो मोठा होतो तो साधारण श्रावणापासून कार्तिकापर्यंत, आणि नेमके हेच महिने आपल्या घरात धुराचे. डेंग्यू-मलेरियाच्या भीतीनं पालिकेची धूरफवारणी गल्लीत शिरते. ‘खिडक्या लावा रे’ अशी हाक एकदा तरी बरणीसाठी मारली जाते. मग गणपती. आधी भिंतींना रंग, त्याचा वास. मग अगरबत्ती, धूप आणि दोन्ही वेळच्या आरतीला कापूर. कापराचा वास किड्यांना सोसत नाही, हे आजीला ठाऊकच असतं, तिनं तांदळाच्या डब्यात तो त्याचसाठी ठेवलेला असतो. ‘देवाचा धूर तुझ्या नाकतोड्यासाठी बंद करू होय रे?’ या प्रश्नाला चिरंजीवांकडे उत्तर नसतं. आरतीपुरती बरणी बाथरूममध्ये जाते. बाथरूममध्ये फिनेल असतं. तिथून ती जिन्यात जाते. जिन्यात सोसायटीचं पेस्ट कंट्रोल आलेलं असतं.

खिडकी उघडून मोकळी हवा द्यावी, तर एमआयडीसीकडे राहणाऱ्यांना तोही भरवसा नाही. २०१४ च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडल्याची बातमी झाली होती आणि २०२० च्या फेब्रुवारीत रस्ताच गुलाबी झाला होता. ज्या हवेत माणसं तग धरतात, तिच्यात किडा पाळायला काय हरकत आहे, असं म्हणणारे लोक डोंबिवलीत आहेत. त्यांना किड्यांविषयी काहीही माहीत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत गॅलरीच्या ग्रिलला चिकटलेला वाळलेल्या फेसाचा तपकिरी गोळा दिसला, तर मावशींना तो खरवडण्याआधी थांबवावं. ती मादीनं घातलेली अंड्यांची पिशवी असते. महिना-दीड महिन्यानं शंभराहून जास्त पिल्लं एकाच सकाळी तिच्यातून बाहेर पडतात, बारीक धाग्यांवर एकमेकांना धरून लोंबकळतात, अगदी सकाळच्या डोंबिवली फास्टच्या दारात लोंबकळावं तशी. मग सुटतात आणि लगेच एकमेकांना खायला लागतात. ती वेगळी करायला शंभर बरण्या कुणाकडे नसतात. दोन-चार ठेवून बाकीची कोपऱ्यावरच्या झाडीत सोडावीत हे उत्तम. आणि त्याच सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर ‘उद्या दहा वाजता फवारणी, सर्वांनी सहकार्य करावे’ असा मेसेज आलाच, तर ‘आमच्या मजल्यावर नको’ असं आजीच्या फोनवरून पाठवावं. तिच्याशी वाद घालायला सेक्रेटरी येत नाहीत.