पुण्य ढापायची वेळ : सकाळी सात

तरुणांना पर्यावरणासाठी सकाळी लवकर उठवायचं कसं? भाषणं देऊन नाही, चोरीची सोय करून. चीनमध्ये पैसे भरायच्या 'अलीपे' अ‍ॅपमध्ये २०१६ साली 'अँट फॉरेस्ट' हा खेळ सुरू झाला. चाला, मेट्रोने जा, विजेचं बिल फोनवर भरा, की ग्रॅमच्या हिशेबाने 'हरित ऊर्जा' मिळते. १७,९०० ग्रॅम साठले, की वाळवंटी भागात तुमच्या नावाने सॅक्सॉल या झुडपाचं खरं रोप लागतं.

पण ही ऊर्जा आपोआप खात्यात जमा होत नाही. दुसऱ्या दिवशी ती हिरव्या फुग्यासारखी पडद्यावर लोंबत राहते आणि मालकाने वेळेत टिपली नाही तर मित्रमंडळी त्यातली थोडी पळवू शकतात. झालं! सकाळी सातचा गजर लावून मंडळी उठू लागली. पूजेसाठी शेजाऱ्याची जास्वंद भल्या पहाटे खुडणाऱ्या आपल्याकडच्या आजोबांना या तंत्राचं मुळीच नवल वाटणार नाही.

२०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांनी खेळाला पर्यावरणाचा मोठा पुरस्कारही दिला. झाडं लागली, हे खरंच. कोरड्या जमिनीत ती पाणी कुठलं पिणार, हे अभ्यासकांनी विचारलं. पण तो प्रश्न खेळाचा भाग नव्हे.

दुकानात अ‍ॅपने पैसे दिले तरी ग्रॅम मिळतात, ही यातली खास मेख. म्हणजे चालायला नवे बूट घ्या, ग्रॅम घ्या. ते घालून चाला, पुन्हा ग्रॅम घ्या. जुनेच बूट शिवून घेऊन मोचीला रोख मोजणाऱ्याला मात्र हात हलवत परतावं लागतं.