पुट अप विथ घोडबंदर

आमच्या पिढीला इंग्रजी अक्षरशः पाचवीला पुजलेलं. मराठी शाळेत ते पाचवीतच भेटायचं. २००० साली सरकारने ते पहिलीत आणलं, पण तोवर आमचा निकाल लागून गेला होता. शाळेने आम्हाला कर्तरीचं कर्मणी करायला शिकवलं; राम रावणाला मारो की रावण रामाकडून मारला जावो, आमचे मार्क पक्के. पण ‘गिव्ह’ म्हणजे देणे, ‘अप’ म्हणजे वर, आणि दोन्ही मिळून नाद सोडणे, हा ‘फ्रेजल व्हर्ब्ज’चा हिशेब कुठल्याही सरांनी उलगडला नाही. ते काम टीव्हीने केलं.

पहिले मास्तर क्रिकेट समालोचक रिची बेनॉ. १९९२चा विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये होता आणि बरेच सामने आपल्याकडे पहाटे सुरू व्हायचे. अभ्यासाला हाका मारूनही न उठणारी पोरं अंधारात तोंड धुऊन टीव्हीसमोर हजर. बेनॉ मोजकं बोलत, त्यामुळे एकेक वाक्प्रचार मुरायला सवड मिळे. बिल लॉरी मात्र गडी बाद झाला की असे ओरडत, की शेजारच्या घरातही शिकवणी व्हायची.

मग केबल आली आणि स्टार प्लसवर ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ लागलं. मेकअप म्हणजे पावडर-कुंकू, एवढंच ठाऊक असलेल्या घरांना कळलं की भांडण मिटवण्यालाही ‘मेक अप’ म्हणतात. त्या मालिकेत तीच तीच माणसं आळीपाळीने ‘ब्रेक अप’ आणि ‘मेक अप’ करत, त्यामुळे उजळणी भरपूर. पुढे ‘फ्रेंड्स’मधले सहा जण कॉफीच्या दुकानातल्या सोफ्यावर तासन्‌तास ‘हँग आऊट’ करायला लागले. ठाण्याहून सकाळची फास्ट पकडणाऱ्या माणसाला हे काही पटेना. हँग आऊट करायला सोफा कशाला? लोकलचा दरवाजा असतो की!

आमच्या कासारवडवलीच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. त्यांचं इंग्रजी मात्र भाषणांवर पोसलेलं. स्टीव्ह जॉब्सचं २००५चं स्टॅनफर्डमधलं भाषण त्यांना तोंडपाठ आहे. तेव्हापासून ते सगळीकडे ‘कनेक्ट द डॉट्स’ करतात. पाणी कमी आलं, लिफ्ट बंद पडली आणि सेक्रेटरींनी नवी गाडी घेतली. “हे तीन ठिपके. जोडा तुम्हीच,” म्हणतात.

२०१५ साली शशी थरूर यांनी ऑक्सफर्ड युनियनमध्ये जाऊन, इंग्रजांच्याच घरात, इंग्रजांहून सरस इंग्रजीत त्यांच्याकडे नुकसानभरपाई मागितली, तेव्हापासून काकांना दुसरं दैवत मिळालं. दोन वर्षांनी थरूरांनी एका ट्वीटमध्ये ‘फरागो’ हा शब्द वापरला. त्याचा अर्थ खिचडी. काकांनी तो वार्षिक सभेत सोसायटीच्या ताळेबंदावर चालवला. खजिनदारांना वाटलं, पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कुणीतरी उभ्या केलेल्या गाडीचं नाव घेतायत. “ती माझी नाही,” ते घाईघाईने म्हणाले.

अर्थात टीव्ही आणि भाषणं म्हणजे नुसती थिअरी. प्रॅक्टिकल होतं आमच्या ठाण्याच्या घोडबंदर रोडवर. गायमुखच्या चढावर एक ट्रेलर ‘ब्रेक डाऊन’ होतो. त्याच्यामागे पार वाघबीळ, पाटलीपाड्यापर्यंत रांग ‘बिल्ड अप’ होते. दाताच्या डॉक्टरांची वेळ ‘कॉल ऑफ’, सासुरवाडीचं जेवण ‘पुट ऑफ’. सोसायटीच्या ग्रुपवर “कापूरबावडी क्लिअर आहे का?” असा प्रश्न पडतो आणि त्याला उत्तर म्हणून कुणीतरी हात जोडलेलं चित्र टाकतं. ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सोसणं. ते इथल्या प्रत्येक फ्लॅटबरोबर मिळतंच, फक्त चटईक्षेत्रात मोजत नाहीत.

एका रविवारी काकांकडे बसलो होतो. पोह्यांची बशी समोर तशीच ठेवून काका तावातावाने सांगत होते, “दोन सरळ शब्द शेजारी आले की तिसराच अर्थ! ही काय भाषा झाली?”

आतून काकू म्हणाल्या, “अहो, ते पोहे आधी खाऊन टाका. गार होऊन बसलेत.”

आता एखाद्या इंग्रजाने काय करावं? पोहे खायचे, की टाकायचे? आणि गार झालेले पोहे बसले कुठे? आपण ‘विसरून जा’ म्हणतो, पण कुठे जायचं ते सांगत नाही. ‘बोलून बसलो’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा उभाच असतो. ही संयुक्त क्रियापदं आपल्याला कुणी फळ्यावर लिहून दिली नाहीत. जेवताना, रुसताना, ओरडा खाताना ती कानावर पडली आणि अंगात भिनली. टीव्हीने इंग्रजीच्या बाबतीत तेच केलं. शाळेच्या वहीतल्या याद्यांना ते जमणारच नव्हतं.

तेव्हा फ्रेजल व्हर्ब्जची पुस्तकं रद्दीत द्या. मालिका बघा, समालोचन ऐका, भाषणं ऐका. वेळ कुठून काढायचा, असं विचारू नका. घोडबंदर रोडला राहायला या, गाडीतच पदवी मिळेल.